पत्र्यामागचं हळदकुंकू

१

जळालेल्या गाडीचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. दीपमालाला हे पक्कं ठाऊक होतं. विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्या तपासायच्या, हा तिचा पेशा. सांगलीपासून साताऱ्यापर्यंतचे गॅरेजवाले तिला तोंडावर 'सर्व्हेअर मॅडम' म्हणत आणि पाठीमागं 'खवचट बाई'. तिला दोन्ही चालायचं.

साताऱ्यात गोडोलीला वीरधवलची शेड आहे. तिथं रॅम्पवर चढवलेल्या लाल गाडीखाली उभी राहून ती टॉर्च मारत होती. टर्बो इंजिनाची, हौसेनं वाढवलेली गाडी. कोयनानगरच्या घाटात चढताना खालून पेटली. मालक विश्वजीत, कोरेगावच्या बागायतदाराचा मुलगा, दार उघडून उडी मारली म्हणून वाचला. डावा पाय मात्र पोटरीपर्यंत भाजला. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर टाकून तो तिथंच बसला होता आणि नुसता धुमसत होता.

"मॅडम, कन्व्हर्टर बघा आधी," वीरधवल म्हणाला. लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवून देणं हा त्याचा धंदा. "ह्यो नवा वाटतो का तुमाला?"

इंजिनातून निघालेल्या नळीला पुढं एक डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. विषारी धूर त्या जाळीतून जातो आणि बराचसा निवळून बाहेर पडतो. त्याला म्हणायचं कन्व्हर्टर. विश्वजीतनं आपल्या गाडीचा जुना काढून खास नवा, मोकळ्या जाळीचा बसवून घेतला होता, सांगलीजवळच्या माधवनगरच्या कुतुबुद्दीन उस्तादांकडं. आणि समोर होता तो कंपनीचा जुनाच. आतली जाळी वितळून तिचा गोळा झालेला.

"नवा हातात दाखवला आन् बसवला जुनाच!" विश्वजीत उसळला. "उस्तादच्या पोरानं, त्या शोएबनं, नवा इकून खाल्ला. घाटात गाडी ओढंना, म्हून मी आणखी दाबली. तर ही गत."

"इंजिनाचा दिवा लागला नव्हता समोर?"

"लागलेला की. पर उस्ताद म्हनलेले, मोकळ्या जाळीनं दिवा कवातरी लागतो. म्हनलं त्योच असंल."

दीपमालानं मान हलवली आणि वर हात घातला. कन्व्हर्टर नळीला ज्या नटांनी जोडला होता, ते नट एकमेकांना बारीक तारेनं बांधलेले होते. तार नीट पीळ देऊन आवळलेली. तार कापून तिनं नट कसेबसे सोडवले, मग कन्व्हर्टरच्या वरचा पत्रा काढला. गाडीच्या बुडाला धग लागू नये म्हणून तो असतो. त्याचा मागचा भाग काळाठिक्कर पडला होता, पण पुढचा कोपरा वाचला होता. पत्रा उलटा केला तर वरच्या अंगाला, एरवी कुणाच्याच नजरेला न पडणाऱ्या बाजूला, पिवळी-तांबडी बोटं उठलेली. तिनं नखानं खरवडून नाकाशी नेलं. हळद होती.

"शोएब काय म्हणतो?"

"न्हाईच म्हनतो. दुसरं काय म्हननार? मी आमच्या सगळ्या ग्रुपवर टाकलंय त्याचं नाव. उस्तादनंबी त्याला दुकानातनं हाकललंय. घरातनंसुद्धा."

दीपमालानं टॉर्च विझवला. "चौकशी मी आत्ता सुरू करतेय," ती म्हणाली, "आणि शिक्षा देऊनसुद्धा झाली होय तुमची?"

२

माधवनगरला गिरण्यांच्या मागच्या गल्लीत उस्तादांचं गॅरेज आहे. कुतुबुद्दीन उस्ताद म्हणजे एक वल्ली. शब्द कमी आणि ताठा भारी. दीपमाला आली तेव्हा ते एका नळीला डाग देत होते. डाग पुरा होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

"माझ्या दुकानात खोटं काम होत न्हाई," ते मग म्हणाले. "झालं असंल तर करनारा माझा न्हाई. इषय संपला."

"तुमचा संपला असेल चाचा, माझा नाही. तो कन्व्हर्टर निवडला कुणी?"

कामाचं विचारल्यावर म्हातारा जरा सैल झाला. "पोरगं आलं ते म्हनत, कन्व्हर्टरच नको, नुसती नळी टाका. मी म्हनलं, चालता हो. जाळीच न्हाई म्हनल्यावर पीयूसी कशी व्हायची? आन् मागनं येनाऱ्यानं तुझा धूर का खायचा? मग म्हनाला, इंचाला शंभर भोकांची द्या. म्हनलं, त्यातनं धूर तसाच निसटतो. कंपनीची चारशेची, ती वाढीव इंजिनाला गळा दाबल्यागत होते. दोनशेची घे, आन् ती पत्र्याच्या जाळीची. कंपनीची मातीची असते, तापून तापून फुटते नाहीतर वितळते. त्याची तशीच झाली होती, अर्धी बसलेली. मॅडम, भूक बघून ताट वाढायचं असतं. इंजिन किती पेट्रोल पिनार ते आधी बघायचं, मग जाळी."

"आणि नवा बसवताना तुम्ही होता?"

उस्ताद पुन्हा ताठले. "न्हाई. नमाजाला गेलो होतो. शोएब एकटाच होता."

घरातून चहा घेऊन त्यांची बायको नूरजहां आली. दारापाशी तिनं दीपमालाचा हात धरला. "बाप-लेकाचं बोलनं बंद हाय ओ. पोरगं माझ्या भनीकडं पडून हाय. पुन्यात काम बघितलंय त्यानं. शुक्रवारी चाललाय. गेला तर परत यायचा न्हाई, मला ठावं हाय. बापाचंच वळन हाय ते."

शोएब मावशीच्या ओट्यावर बसला होता. पंचविशीचा, रुंद हातांचा. डोळ्यांत झोप नव्हती.

"जुना काढला, नवा चढवला," तो म्हणाला. "जुना पोत्यात बांधून त्यांच्याच डिकीत ठेवला. आमची रीतच हाय ती. काढलेला माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा. म्हंजे कुनी म्हनायला नको, मिस्त्रीनं चांगलंच काढून घेतलं." एवढं बोलून त्याचं त्यालाच हसू आलं, कडवट. "विश्वजीतना सांगितलं तसं. ते फोनवर बोलत होते, नुसती मान हालवली. आता म्हनतात, पोतं बघितलंच न्हाई."

"नटांना तार कशाला पिळलीस?"

"तार?" शोएबनं भुवया वर केल्या. "कसली तार? मी तांब्याची ग्रीस लावतो नटांना. म्हंजे तापून धरत न्हाईत, पुढच्या येळी सुटतात."

ते नट कोरडे ठणठणीत होते. दीपमालाला चांगलं आठवत होतं, सोडवताना घाम फुटला होता तिला.

"आणि पत्र्याला हळदकुंकू?"

"ताई, आमी कशाला लावू हळदकुंकू?"

खरंच की. दीपमाला उठली. तो पण उठला.

"ताई, काम मला कुटंबी मिळंल. पर अब्बांनी एकदा म्हनायला पायजे, शोएबनं चोरी केली न्हाई. तेवढंच. न्हाईतर मी ह्या गल्लीत परत पाऊल ठेवायचा न्हाई."

शुक्रवार परवावर आला होता. आणि तिच्याकडं होतं काय, तर वीतभर तार आणि चिमूटभर हळद.

३

दुसऱ्या दिवशी ती सकाळी साताऱ्यात हजर. आदल्या संध्याकाळी तिनं एकच काम केलं होतं. वीरधवलच्या पानावरची सगळी रील्स बघितली होती. बघून बघून डोळे चुरचुरायला लागले होते.

वीरधवलला हौस दांडगी. शेडमध्ये गाडी आली की आधी ती रॅम्पवर चढणार, मग हा खालून मोबाईल फिरवणार, मग गाडी यवतेश्वरच्या घाटात पळवणार आणि वर ढोल-ताशा लावून टाकणार. गिऱ्हाइकं त्यावरच येत.

"वीरधवल, तुमच्याकडं बुलेटला नुसता आरसा बसवला तरी त्याचं रील असतं," ती म्हणाली. "विश्वजीतच्या गाडीचं का नाही? माधवनगरहून निघाल्यावर ती तुमच्याकडंच आली होती ना ट्यूनिंगला?"

"त्या दिवशी... गडबड होती, मॅडम."

"बरं. मग असं करते, रिपोर्टात लिहिते, ट्यूनिंग करणाऱ्यानं पुरावा लपवला."

वीरधवलचा चेहरा उतरला. त्यानं मुकाट मोबाईल काढला. रील पानावरून काढलं होतं त्यानं, पण फोनमधून नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

रीलमध्ये लाल गाडी रॅम्पवर होती. कॅमेरा खालून फिरत गेला आणि मधोमध चकचकीत, कोरा करकरीत कन्व्हर्टर दिसला. नटांवर तांबूस ग्रीस. तार नव्हती. मग घाट, मग गाडी अशी सुटली की वीरधवलच आतून ओरडत होता.

"म्हणजे शोएबनं नवाच बसवला होता," दीपमाला सावकाश म्हणाली. "आणि तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मॅडम, मी इंजिनाचं पेट्रोल वाढवून दिलं हुतं. गाडी पेटली म्हनल्यावर लोक म्हनले असते, वीरधवलनंच पेटवली. विश्वजीत स्वतःच म्हनाया लागला, शोएबनं जुनाच ठेवला म्हून. मग मी गप बसलो. मी काय खोटं बोललो न्हाई."

"तुम्ही गप्प बसलात आणि त्या पोराचं घर सुटलं. लाज वाटायला पाहिजे!" तिचा आवाज एवढा चढला की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला.

पण राग आला तरी गणित सुटत नव्हतं. इथून निघताना गाडीत नवा होता. घाटात पेटली तेव्हा जुना. मध्ये कुणीतरी गाडीखाली शिरलं होतं. तिनं तिथूनच विश्वजीतला फोन लावला.

"साताऱ्याहून गाडी कुठं गेली?"

"घरीच. वाटंत दुकानवाल्यानं डिकीत पेंडीची पोती भरली, म्हून दमानं आणली. आमची ऊसतोड चालू हुती, मी फडात. आठवडाभर गाडी गोठ्याशेजारच्या शेडातनं हालली न्हाई. मग थेट कोयनानगर."

"डिकी कुणी उघडली होती?"

"आबांनी. पेंडीची पोती उतरवायची हुती त्यांनाच. पर मॅडम, घरात हाय कोन? आबा आन् आई. दुसरं कोनबी न्हाई."

दीपमालानं फोन ठेवला. ती तशीच कोरेगावला निघाली.

४

कोरेगावच्या बाहेर, उसाला लागूनच विश्वजीतच्या आबांचं, सुभेदार मानसिंगांचं घर. फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीच्या तुकडीत होते. निवृत्तीनंतरही मिशा तशाच आणि पहाटेची दाढी तशीच. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. दीपमाला चप्पल काढता काढता त्याच्याकडं बघत राहिली. ट्रॉलीच्या जोडावरचा एकेक नट बारीक तारेनं, पीळ देऊन बांधलेला.

"छान बांधलेत," ती म्हणाली.

"फौजेची सवय. नट ढिला पडला तर गाडी जाती, आन् तिच्याबरोबर मानूसबी," सुभेदार म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी नजर खाली केली.

ओसरीवर विश्वजीत पाय पसरून बसला होता. त्याच्या आईनं, लीलाबाईंनी, पाणी दिलं. खेड्यातल्या रिवाजाप्रमाणं, सवाष्ण दारी आली म्हणून त्या हळदकुंकवाचा करंडाही घेऊन आल्या. दीपमालाच्या कपाळाला त्यांनी बोट लावलं आणि लगेच मागं सरल्या.

"काकू, बसा. सगळेच बसा," दीपमाला म्हणाली. "मला कळलेलं सांगते. चुकलं तर बोला."

तिनं वीरधवलचं रील विश्वजीतपुढं धरलं. तो बघत राहिला. "आरं... नवाच हाय की ह्यो!"

"नवाच. शोएबनं चोख काम केलं होतं. जुना त्यानं पोत्यात घालून डिकीत दिला, तेही खरं. आता ज्यानं पुन्हा अदलाबदल केली, त्याचा विचार करा. चोर असता तर त्याला घाई असती. नट आवळून पळाला असता. ह्या माणसानं नटांना तार पिळली. का? तर घाटात नळी सुटू नये म्हणून. आणि पत्रा बसवायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी हळदकुंकू लावलं. जिथं कुणालाच दिसणार नाही, तिथं. दाखवायला नव्हतंच ते. चोर मालकाच्या गाडीची पूजा करतो का हो? हे ज्यांनी केलं, त्यांना गाडीत बसणारा जिता-जागता परत यायला हवा होता. त्याच्यावर त्यांचा जीव होता."

लीलाबाईंच्या हातातून करंडा सुटला आणि कुंकू फरशीवर सांडलं.

"मीच लावलं," त्या म्हणाल्या.

"ती नुसती उजेड धरून हुती," सुभेदार झटकन म्हणाले. "केलं मी. सगळं मीच."

विश्वजीत बापाकडं बघत होता. त्याला अजून उमजत नव्हतं.

"गेल्या साली हेळवाकच्या वळनावर ह्यानं गाडी उलटवली," सुभेदार दीपमालाला म्हणाले, लेकाकडं न बघता. "महिनाभर दवाखान्यात उशाला बसलो मी. बरा झाला आन् लागला परत गाडी वाढवायला. सांगून दमलो. मग डिकीत पोतं गावलं. जुना कन्व्हर्टर. म्हनलं, ह्यो हुता तवा गाडी गपगुमान चालायची. परत त्योच बसवू. पळनार न्हाई, रडत-खडत चालंल, पोरगं तरी जगंल. ह्यात वाईट काय?"

"जुना होता तेव्हा इंजिनही जुन्यासारखं होतं, सुभेदार. साताऱ्यात त्याचं पेट्रोल वाढवलं होतं. अर्धी बसलेली जाळी त्याला पुरी पडली नाही. नळी तुंबली, डबा लालबुंद झाला. त्यात गाडी ओढेना म्हणून ह्यांनी आणखी दाबली."

"करायला गेलो गणपती आन् झाला मारुती," म्हातारा पुटपुटला. "माझ्या हातानं जाळलं मी माझं पोर."

"आबा." विश्वजीतचा आवाज फाटला होता. "रोज सकाळी तुमीच माझी पट्टी बदलता. रोज. आन् एकदाबी बोलला न्हाईसा?"

"बोललो असतो तर तू घर सोडून गेला असतास. मला ठाव हाय तुझा सोभाव."

दीपमालाला म्हाताऱ्याची दया आली, नाही असं नाही. पण दयेपायी काम अर्धं सोडणारी बाई नव्हती ती.

"तुमचा मुलगा घरात राहावा म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या मुलाला घराबाहेर काढू दिलंत, सुभेदार. त्याचं काय? तो उद्या चाललाय."

सुभेदार ताडकन उठले. आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात पोतं होतं, आणि आतलं लोखंड नवं होतं.

"किती वाजता निघतुय पोरगं?" त्यांनी विचारलं.

५

शुक्रवारी माधवनगरच्या गल्लीत गर्दी होती. जुम्म्याच्या नमाजाला निघालेली माणसं उस्तादांच्या गॅरेजसमोर थबकली, कारण एक मिशाळ म्हातारा पोतं खांद्यावर घेऊन भर रस्त्यात उभा होता. शेजारी कुबडीवर विश्वजीत, आणि मागं दीपमाला. तिनं शोएबला मावशीच्या घरून अक्षरशः ओढून आणलं होतं. त्याच्या खांद्याला बॅग होती आणि एसटी सुटायला थोडाच वेळ होता.

सुभेदारांनी सगळं सांगितलं. खालच्या आवाजात नाही, परेडवर बोलावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोतं उस्तादांच्या पायाशी ठेवलं.

"गुन्हा माझा. बोल तुमच्या पोराला लागला. काय म्हनायचं ते म्हना."

विश्वजीत शोएबसमोर गेला. "ग्रुपवर सकाळीच टाकलं मी, माझं चुकलं म्हून. पर तेवढ्यानं भागत न्हाई, ठावं हाय मला. माफ कर गड्या." शोएबनं मान हलवली. त्याची नजर बापावरून हलली नव्हती.

दीपमालानंही विश्वजीतला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की रिपोर्टात खरं तेच जाणार आणि विम्याचा दावा बुडणार. तो म्हणाला होता, लिवा. त्यावर दोघांनी काही चर्चा केली नव्हती.

उस्तादांनी पोतं उघडलं. कन्व्हर्टर काढला, उजेडाकडं धरला, जाळीतून आरपार बघितलं. आपण निवडलेला, आपल्या दुकानातून गेलेला तोच. तो त्यांनी अलगद खाली ठेवला.

"सुभेदार," ते म्हणाले, "तुमी पोराच्या जिवाला भ्यालासा. मी माझ्या नावाला भ्यालो. मी कुनाला काय म्हनू?"

"मला न्हाई, त्याला म्हना," सुभेदार म्हणाले.

शोएब बॅगेचा पट्टा घट्ट धरून उभा होता. बापाच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्या घरात रीत नव्हती, पण आज तो भिडवून होता. नूरजहां उंबऱ्यावर पदर तोंडात धरून उभी. सगळे पुरावे दीपमालानं गोळा केले होते, पण हे एक वाक्य तिच्या हातात नव्हतं.

उस्ताद पुढं आले. मुलाच्या जवळ गेले नाहीत. गल्लीच्या मधोमध, माणसांकडं तोंड करून उभे राहिले.

"ऐका!" म्हातारा ओरडला. "माझ्या शोएबनं चोरी केली न्हाई. त्याचं काम चोख हुतं. मी त्याला इचारलंसुद्धा न्हाई. बाप असून इचारलं न्हाई!"

कुणीतरी खोकलं. एक फटफटी हॉर्न वाजवत आली आणि गप्प होऊन कडेला थांबली. शोएबच्या खांद्यावरची बॅग घसरून खाली पडली, आणि तो एवढा मोठा गडी ढसाढसा रडायला लागला.

"अब्बा, बास आता," तो म्हणाला. "समदी बघाय लागल्यात."

"बघू द्यात," उस्ताद म्हणाले, आणि तेच पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं ओरडले.